सेल्फ-डायनॅमो एकच असलेल्या जुन्या गाडीचं आर्मेचर परत परत जळत असेल तर

तक्रार बहुतेक वेळा एकाच वळणाने येते. आर्मेचर, म्हणजे यंत्राच्या आत फिरणारा तांब्याच्या तारा गुंडाळलेला भाग, नव्या तारेने भरून आणलं, गाडी दसऱ्याला पूजेपुरती छान चालली, लग्नसराईत सेल्फ जड यायला लागला आणि एप्रिल-मेमध्ये एक दिवस बॉनेटखालून जळका वास आला. मग परत आर्मेचर काढायचं, परत वाइंडिंगवाल्याकडे न्यायचं. दोनदा असं झालं की मालक म्हणतो, वाइंडर बदलू. वाइंडर म्हणतो, माल जुना आहे, काय करणार.

माझं म्हणणं वेगळं आहे. या गाड्यांत वाइंडिंग जळणं हा शेवट असतो. सुरुवात आर्मेचरच्या बाहेर, बॅटरीत किंवा बॅटरीपर्यंतच्या एखाद्या सैल सांध्यात झालेली असते. ती दुरुस्त न करता कितीही चांगली तार भरली तरी ती जळणारच. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय. जालना, परभणी, लातूर, नांदेड या भागात अशा गाड्या थोड्याच उरल्या आहेत आणि प्रत्येक वेळी जुनं तांबं कापून काढताना त्या यंत्राचं आयुष्य कमी होतं.

मी डोळ्यासमोर ठेवतोय ती डॉज ब्रदर्सची १९२० च्या आसपासची टूरर, म्हणजे उघड्या टपाची गाडी. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता, आणि माझ्याकडे आलेल्या बहुतेक जुन्या गाड्यांचा माग हैदराबादकडेच जातो. डॉज टिकल्या याचं एक कारण त्यांची पूर्ण पोलादी बॉडी. लाकडी सांगाड्याच्या गाड्यांना आपल्याकडे वाळवी सोडत नाही. या गाडीचं इंजिन चार सिलिंडरचं, २१२ घनइंची, म्हणजे जवळपास साडेतीन लिटरचं. १९१४ च्या नोव्हेंबरमध्ये पहिली गाडी बाहेर पडली तेव्हापासून तिला १२ व्होल्टचं, सेल्फ आणि डायनॅमो एकाच खोक्यात असलेलं यंत्र होतं. ते अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या नॉर्थ ईस्ट इलेक्ट्रिक कंपनीचं. फोर्डच्या मॉडेल टीला कारखान्यातून सेल्फ मिळायला १९१९ उजाडलं, हे लक्षात घेतलं तर हे काम किती पुढचं होतं ते कळतं. १९२६ मध्ये डॉजनेही ६ व्होल्ट आणि वेगळा सेल्फ, वेगळा डायनॅमो अशी पद्धत घेतली. तेव्हा तुमची गाडी कोणत्या बाजूची आहे ते आधी पाहून घ्या. दुसऱ्या कंपनीची एकत्र यंत्रं असतील तर जोडणी थोडी वेगळी असेल, पण दुखणं हेच असतं.

यंत्र काय करतं ते आधी नीट समजून घ्या

हे यंत्र सायलेंट चेनने क्रँकशाफ्टला कायमचं जोडलेलं असतं. पिनियन पुढे येऊन फ्लायव्हीलला लागण्याचा प्रकार इथे नाही, म्हणून तो खट्ट आवाजही नाही. स्विच दाबला की बॅटरीचा करंट आर्मेचरमध्ये जातो आणि यंत्र मोटर होऊन इंजिन फिरवतं. इंजिनने पेट घेतला, वेग वाढला, की त्याच आर्मेचरमध्ये तयार होणारं व्होल्टेज बॅटरीपेक्षा वर जातं आणि करंट उलटा, बॅटरीकडे वाहू लागतो. फिरण्याची दिशा तीच, तार तीच, कम्युटेटर (आर्मेचरच्या टोकाचा, तांब्याच्या पट्ट्यांचा गोल भाग) तोच, त्यावर घासणारे मुख्य कार्बनही तेच.

म्हणून इथे "सेल्फ खराब आहे, डायनॅमो चांगला आहे" असं म्हणता येत नाही. चार्जिंगमध्ये झालेली खराबी सेल्फमध्ये दिसते आणि उलटही होतं. लातूरकडचा एक मालक फोनवर म्हणाला, "सेल्फ मारला की नुसतं कण्हतंय बगा, उचलंना गेलंय." त्याच्या सेल्फला काहीच झालेलं नव्हतं. आधीच्या उन्हाळ्यात जास्त चार्जिंगने कम्युटेटरवरचं सोल्डर उडालं होतं आणि आर्मेचरची एक कॉइल सुटी झाली होती.

आता मुख्य मुद्दा. या यंत्राला आजच्यासारखा व्होल्टेज रेग्युलेटर नाही. चार्जिंग आवरतं तो तिसरा कार्बन. दोन मुख्य कार्बनच्या मध्ये एक बारीक तिसरा कार्बन असतो आणि फील्ड कॉइलला, म्हणजे आर्मेचरभोवती चुंबकक्षेत्र तयार करणाऱ्या स्थिर गुंडाळीला, करंट त्याच्याकडून मिळतो. वेग वाढला, चार्जिंग वाढलं, की आर्मेचरच्या स्वतःच्या चुंबकत्वामुळे मुख्य चुंबकक्षेत्र एका बाजूला ओढलं जातं. तिसऱ्या कार्बनला मिळणारं व्होल्टेज कमी होतं, फील्ड ढिलं पडतं आणि चार्जिंग आपोआप खाली येतं. म्हणून या यंत्राचं चार्जिंग मध्यम वेगाला सगळ्यात जास्त आणि सुसाट वेगाला उलट कमी असतं. सुंदर योजना आहे, पण तिला एक अट आहे. ही योजना करंट आवरते, व्होल्टेज आवरत नाही. व्होल्टेज दाबून धरायचं काम बॅटरीचं.

बॅटरीपर्यंतचा रस्ता चांगला असेल तर सगळं ठीक. रस्त्यात अडथळा आला, म्हणजे क्लॅम्प सैल झाला, लगवर (वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीवर) हिरवा क्षार चढला, अर्थच्या जागी रंग बसला किंवा बॅटरीचं पाणी आटून प्लेटा उघड्या पडल्या, तर आपल्याला वाटतं की चार्जिंग कमी होईल. होतं उलटं. करंट जायला जागा मिळत नाही म्हणून आर्मेचरचं क्षेत्र पुरेसं ओढलं जात नाही, फील्ड ढिलं पडत नाही, व्होल्टेज चढत जातं आणि फील्ड कॉइलमधून झेपणार नाही इतका करंट जायला लागतो. बॅटरी पूर्णच सुटली तर काही मिनिटांत फील्ड जळू शकतं. आधी गरम होऊन सोल्डर उडतं, मग सुती इन्सुलेशन काळं पडतं, मग वास येतो. तो वास येईपर्यंत आत पुष्कळ काही होऊन गेलेलं असतं.

मराठवाड्यात हे जास्त का होतं

या गाड्या आता रोज कुणी चालवत नाही. त्या निघतात दसऱ्याला, एखाद्या प्रदर्शनाला आणि सगळ्यात जास्त वरातीला. वरातीत गाडी बैलगाडीच्या चालीने चालते. इंजिन जेमतेम आयडलवर, त्यामुळे कटआउट, म्हणजे यंत्र बॅटरीला आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच, लागतच नाही, म्हणजे चार्जिंग शून्य. वर दिवे चालू, गाडीला गुंडाळलेल्या लायटिंगच्या माळा त्याच बॅटरीवर, मधेच नाचणाऱ्यांसाठी गाडी बंद करायची आणि परत सेल्फ मारायचा. दोन तासांत बॅटरी बसते.

मग कुणीतरी सांगतं, "चार्जिंग वाढवून घ्या." तिसरा कार्बन पुढे सरकवला जातो. दुसऱ्या दिवशी दुपारी तीच गाडी दिवे बंद ठेवून मध्यम वेगाने गावाकडे परत येते. चार्जिंग सगळ्यात जास्त असतं तो नेमका हाच वेग. बाहेर ४२ अंश, बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. भरलेल्या बॅटरीत बारा-पंधरा अँपिअर जबरदस्तीने घातले की पाणी उकळल्यासारखं उडून जातं. गाडी शेडमध्ये जाते, ताडपत्री पडते. पुढच्या तारखेपर्यंत कुणी झाकणं उघडून पाणी बघत नाही. पुढच्या वेळी प्लेटा अर्ध्या कोरड्या, बॅटरीचा अंतर्गत रोध वाढलेला आणि तिसरा कार्बन अजून पुढेच. त्या फेरीत आर्मेचर जळतं.

माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक जळलेल्या यंत्रांची गोष्ट हीच आहे. त्यामुळे आर्मेचर भरून देताना मी मालकाला आधी विचारतो की गाडी वरातीला देता का. देत असाल तर माळांसाठी डिकीत किंवा मागच्या सीटखाली वेगळी बॅटरी ठेवा, गाडीच्या वायरिंगशी तिचा काडीचाही संबंध ठेवू नका, आणि वरातीनंतर गाडीची बॅटरी काढून घरी चार्जरवर लावा. तिसऱ्या कार्बनला हात लावायची गरजच पडत नाही.

यंत्र खाली उतरवण्याआधी

सुरुवात बॅटरीपासून. सहाही झाकणं उघडा, पाणी प्लेटांच्या वर आहे का बघा, हायड्रोमीटर लावा. पूर्ण चार्ज झाल्यावर प्रत्येक घराचं रीडिंग १.२४ च्या वर आणि एकमेकांच्या जवळपास हवं. एखादंच घर मागे पडत असेल तर ती बॅटरी या गाडीला लावू नका, दुसऱ्या गाडीत कितीही चालत असली तरी. झाकणं नसलेली सीलबंद बॅटरी मी या गाडीला लावू देत नाही. तिसऱ्या कार्बनचं यंत्र बॅटरी भरली म्हणून थांबत नाही, पाणी कमी होणारच, आणि सीलबंद बॅटरीत ते भरता येत नाही. साधी, डिस्टिल्ड वॉटर घालायची बॅटरी घ्या. ट्रॅक्टरसाठी कुठल्याही तालुक्याला मिळते ती चालते, बसवायला जागा असली म्हणजे झालं.

मग सांधे. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर धरा, क्लॅम्पवर नाही. दुसरं टोक यंत्राच्या टर्मिनलच्या पितळी बोल्टवर. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. मीटर अर्ध्या व्होल्टच्या आत दाखवायला हवा. तसंच दुसऱ्या खुंटीपासून यंत्राच्या लोखंडी अंगापर्यंत. जिथे एक-दीड व्होल्ट दिसेल तिथे तुकडे पाडत जा. खुंटी ते क्लॅम्प, क्लॅम्प ते वायर, वायर ते स्विच, स्विचच्या अलीकडे-पलीकडे. दोष सापडतोच.

सगळ्यात जास्त दोष मला अर्थमध्ये सापडले आहेत, आणि तेही नुकत्याच रिस्टोअर केलेल्या गाड्यांत. चेसिसला जाड पावडर कोटिंग, इंजिनला सुंदर रंग, यंत्राच्या बैठकीला रंग, आणि या सगळ्यातून सव्वाशे-दीडशे अँपिअरचा करंट जायला पाहिजे अशी अपेक्षा. बैठकीचे दोन्ही पृष्ठभाग धातूपर्यंत घासा. बॅटरीपासून चेसिसला आणि चेसिसपासून इंजिनला वेगळी विणलेली अर्थची पट्टी टाका. रंग नंतर कडेने लावता येतो.

वायरची जाडीही बघा. घराच्या वायरिंगची वायर दुहेरी करून सेल्फला लावलेली मी पाहिली आहे. सेल्फची वायर वेल्डिंग केबलसारखी जाड हवी, लग दाबून बसवलेला आणि वर सोल्डर केलेला.

या पायरीवरच निम्म्या तक्रारी संपतात. आर्मेचर काढावं लागत नाही.

ॲमीटर काय सांगतो

गाडी बंद, दिवे बंद, आणि तरी काटा उणे बाजूला. कटआउट चिकटलाय. बॅटरीचा करंट यंत्रातून परत वाहतोय. लगेच बॅटरी सोडवा, नाहीतर सकाळपर्यंत बॅटरी आणि कदाचित वाइंडिंगही गेलेलं असेल. कटआउटचे पॉइंट एकमेकांत वितळून चिकटलेले असतात. ते बारीक कॉन्टॅक्ट फाइलने घासा, शेवटी कोरा जाड कागद मधून ओढा. डॉजच्या या यंत्रात सेल्फचा स्विच आणि कटआउट एकाच डब्यात असतात, तेव्हा स्विचचे जाड तांब्याचे कॉन्टॅक्ट त्याच वेळी बघून घ्या. एक सावधगिरी जीव तोडून सांगतो. कटआउट चालतो का हे बघायला बोटाने दाबू नका. वेगळ्या डायनॅमोच्या गाडीत फार तर ठिणगी पडते. इथे यंत्र मोटर होऊन इंजिन फिरवायला लागतं. गाडी गिअरमध्ये असेल तर समोर उभा असलेला माणूस जाईल.

इंजिन वेगात, पण काटा हलत नाही. कार्बन अडकलाय, फील्डचा फ्यूज गेलाय किंवा फील्डची जोडणी तुटलीय. वर्षभर उभ्या गाडीत चुंबकत्व गेलं असेल अशी शंका लोक घेतात. या यंत्रात ती शक्यता कमी, कारण प्रत्येक वेळी सेल्फ मारताना फील्डमधून बॅटरीचा करंट जातो आणि चुंबकत्व ताजं होतं. त्याचीच एक गंमतशीर बाजू अशी की बॅटरी उलटी जोडली तरी सेल्फ त्याच दिशेने फिरतो, कारण आर्मेचर आणि फील्ड दोन्ही एकदम उलटे होतात. त्यामुळे उलटी बॅटरी सेल्फवरून कळत नाही. ॲमीटर उलटा दाखवतो त्यावरून कळते. जोडण्याआधी जुन्या केबलच्या खुणा बघूनच धन-ऋण ठरवा.

काटा थरथरतो, एका जागी ठरत नाही. कार्बन कम्युटेटरवर उड्या मारतोय किंवा चेन सैल आहे. चेन हाताने दाबून बघा. ढिली असेल तर यंत्राची बैठक सरकवून ताण द्या, पण ताठ तारेसारखी करू नका, बेअरिंग खाईल.

आता झाकणाची पट्टी काढा

कम्युटेटरवरची गोल पट्टी सोडवली की अर्धं निदान डोळ्यांनीच होतं. टॉर्च आणि दंतवैद्याचा छोटा आरसा घ्या. आधी पट्टीच्या आतल्या बाजूला बघा. तिथे बारीक चंदेरी ठिपके, एका रेषेत शिंतोडल्यासारखे चिकटलेले दिसले, तर ते सोल्डर आहे. यंत्र इतकं तापलंय की कम्युटेटरच्या पट्ट्यांना तारा जोडणारं सोल्डर वितळून बाहेर फेकलं गेलंय. मग कम्युटेटर हाताने हळू फिरवत बघा. एक पट्टी इतरांपेक्षा काळी, कड खाल्लेली, शेजारचा मायका (दोन पट्ट्यांमधलं अभ्रकाचं इन्सुलेशन) जळून खोल गेलेला, असं असेल तर त्या पट्टीची कॉइल सुटी आहे. यासाठी आर्मेचर भरायची गरज नाही. सुटलेल्या तारा स्वच्छ करून परत सोल्डर करा.

हे सोल्डर कोणतं याला महत्त्व आहे. रेडिओ-टीव्हीवाल्यांचं साठ-चाळीस सोल्डर १९० अंशांच्या आतच वितळतं. शुद्ध कथील २३२ अंशांना वितळतं. मी कथीलच वापरतो. फ्लक्स राळेचं. ॲसिडचा फ्लक्स सोपा जातो, पण तो मायकाच्या फटीत राहतो आणि पहिल्याच पावसाळ्यात तांबं हिरवं करतो.

कार्बनच्या स्प्रिंगकडे नीट बघा. एखादी स्प्रिंग निळसर झालेली दिसली तर तिचा दम गेलाय. तिथे कार्बनची वेणी, म्हणजे मागची तांब्याची शेपटी, सैल झालेली असणार. करंट वेणीतून न जाता स्प्रिंगमधून गेला, स्प्रिंग तापली आणि मऊ पडली. स्प्रिंग बदला आणि वेणी घट्ट करा. नुसती स्प्रिंग बदलली तर तीही निळी होईल. सगळ्या स्प्रिंगांचा ताण छोट्या स्प्रिंग काट्याने मोजून एकमेकींशी जुळवा.

कार्बन कोणता घालायचा यात तर हमखास गडबड होते. दुकानात माप दाखवलं की ग्राइंडर-ड्रिलचा कडक काळा कार्बन घासून देतात. तो २३० व्होल्टच्या मोटरसाठी ठीक. इथे १२ व्होल्ट आहेत आणि सेल्फला प्रचंड करंट लागतो, त्यात त्या कार्बनचा रोधच अर्धी ताकद खातो आणि कार्बन लाल होतो. मुख्य कार्बन तांबं मिसळलेले हवेत, तोडल्यावर आत तांबूस चमक दिसते ते. ट्रकच्या सेल्फचे मोठे कार्बन घेऊन मापाला घासले तर काम होतं. तिसरा कार्बन मात्र साधा, काळा, डायनॅमोचाच. त्याच्यातून फक्त फील्डचा करंट जातो, आणि त्याच्या जागी रुंद तोंडाचा कार्बन घातला तर आवरण्याचं गणितच बिघडतं. जुन्याच्या जाडीइतकाच ठेवा.

नवा कार्बन बसवताना काचपेपरची पट्टी कम्युटेटरवर खरखरीत बाजू वर करून गुंडाळा आणि फिरण्याच्या दिशेने ओढून कार्बनचं तोंड गोल घासून घ्या. एमरी पेपर नको. त्याचे कण वीजवाहक असतात, फटीत रुतले की दोन पट्ट्या एकमेकींशी बोलायला लागतात. धूळ हवेने उडवा. तेलकट काळा लेप असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर वापरा, रॉकेल नको, त्याचा थर मागे राहतो. आणि तेल आलं कुठून ते शोधा. बहुतेक वेळा चेनच्या बाजूचं सील गेलेलं असतं.

कम्युटेटरवर खाच पडली असेल तर लेथवर अगदी हलका हात मारून घ्या. संभाजीनगरला वाळूज-चिकलठाण्याकडे किंवा जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत चांगले टर्नर आहेत, पण त्यांना आधी सांगा की शाफ्टच्या सेंटरवर धरायचं, बाहेरच्या लोखंडावर नाही. लेथनंतरचं एक काम टर्नर करत नाहीत आणि वाइंडरही विसरतात, ते म्हणजे पट्ट्यांमधला मायका खाली घेणं. तांबं झिजतं तसा मायका झिजत नाही. तो वर राहिला की कार्बन त्याच्यावर आपटत उड्या मारतो, ठिणग्या पडतात, पट्ट्या जळतात. हॅक्सॉ ब्लेडच्या दात्यांच्या बाजू घासून ते फटीच्या रुंदीचं करा आणि प्रत्येक फट साधारण पाऊण मिलिमीटर खोल घ्या. कडेला मायकाची पातळ चिरी उभी राहू देऊ नका. वेळखाऊ काम आहे, चष्मा लावून निवांत बसून करा. मी हे कुणावर सोपवत नाही.

आर्मेचर भरायचंच असेल तर

आपल्याकडे प्रत्येक गावात बोअरची मोटर भरणारा आहे आणि यातले कित्येक जण अतिशय हुशार आहेत. पण पाणबुडी मोटरचं स्टेटर भरणं आणि डीसी आर्मेचर भरणं ही दोन वेगळी कामं आहेत. ज्याच्याकडे ग्राउलर, म्हणजे आर्मेचर तपासायचं चुंबकी उपकरण, आहे आणि ज्याने ट्रक-ट्रॅक्टरचे डायनॅमो भरलेत, त्याच्याकडेच जा. जुने उस्ताद अजून आहेत, शोधावे लागतात.

भरण्याआधी ग्राउलरवर खात्री करून घ्या. आर्मेचरवर हॅक्सॉचं पातं धरून फिरवायचं. शॉर्ट झालेल्या कॉइलच्या खाचेवर पातं थरथरून आवाज करतं. मग टेस्ट लॅम्पने पट्ट्या आणि शाफ्ट यांच्यामध्ये बघा, दिवा लागता कामा नये. मोठ्या व्होल्टेजचा मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) शंभर वर्षांच्या सुती-शेलॅक इन्सुलेशनला लावू नका, चांगलं असेल तेही फुटेल.

तार कापण्याआधी फोटो काढा, आणि फोटोवर विसंबू नका. एका खाचेवर आणि ती कॉइल जिथे जोडली आहे त्या दोन पट्ट्यांवर पंचने बारीक खूण करा. खाचा किती, पट्ट्या किती, एका कॉइलमध्ये फेरे किती, तारेची जाडी किती, सगळं कागदावर लिहा. पट्टीची जोडणी एका घराने जरी पुढेमागे झाली तरी सेल्फ फिरेल, पण कार्बनखाली सतत ठिणग्या पडतील. आणि तो कार्बन तर आपण बदललेला असतो, म्हणून दोष त्याच्यावर जातो. नवी एनॅमल तार जुन्या सुती तारेपेक्षा बाहेरून पातळ असते, खाचेत जागा उरते. ती जागा बघून दोन फेरे जास्त घालायचा मोह वाइंडरला होतो. घालू देऊ नका. फेरे जितके होते तितकेच.

फील्ड कॉइल काढल्याच असतील तर प्रत्येकीचा रोध थंड असताना मोजा. सगळ्या जवळपास सारख्या हव्यात. एखादी बरीच कमी दाखवत असेल तर आतून शॉर्ट आहे, बाहेरून टेप कितीही नवी दिसो.

परत बसवताना

गाडीवर चढवण्याआधी टेबलावर बॅटरी लावून मोटर म्हणून फिरवून बघा, पण त्याआधी फील्डची जोडणी मीटरवर तपासा. फील्ड तुटलेलं असेल तर बिनभाराचं यंत्र बेफाम वेग घेतं. शिकंजात घट्ट धरा आणि क्षणभरच लावा. एकसारखं, हळू, न अडखळता फिरलं पाहिजे.

फील्डच्या वाटेवर फ्यूज असेल तर तो जागेवर आहे का बघा. कित्येक यंत्रांत तिथे तांब्याची तार गुंडाळलेली सापडते. फ्यूज नसेल तर बसवा. फील्डला १२ व्होल्ट देऊन किती करंट जातो ते मोजा आणि त्याच्या जरा वरचा फ्यूज घाला. बॅटरीचा सांधा कधी वाटेत सुटलाच तर दहा-वीस रुपयांचा फ्यूज जातो, वाइंडिंग वाचतं. या एका कामाचा आग्रह मी सगळ्यात जास्त धरतो.

चार्जिंग लावताना बॅटरी भरलेली असू द्या, दिवे बंद, इंजिन मध्यम वेगावर. तिसरा कार्बन फिरण्याच्या दिशेने सरकवला की चार्जिंग वाढतं, उलट सरकवला की कमी होतं. इंजिन बंद करून एकेक केसभर सरकवा, परत चालू करून बघा, आणि प्रत्येक वेळी सरकवल्यावर कार्बनचं तोंड परत काचपेपरने बसवा, कारण त्याचा कोन बदलतो. मी सहा-सात अँपिअरच्या वर जात नाही. उन्हाळ्यात त्याहूनही कमी ठेवतो. कमी पडलं तर घरी चार्जर आहे.

बॅटरी काढून गाडी चालवायची वेळ कधी आलीच, म्हणजे धक्का मारून मॅग्नेटोवर (बॅटरीशिवाय ठिणगी देणाऱ्या यंत्रावर) किंवा दुसऱ्या बॅटरीच्या इग्निशनवर, तर यंत्राची चार्जिंगची वायर सोडून टर्मिनल जाड तारेने अर्थला जोडा. मोकळं सोडू नका.

पहिल्या फेरीला अर्धा तास गाडी चालवा, थांबा, झाकणाची पट्टी काढा. आतून पुसलेल्या पट्टीवर नवे चंदेरी ठिपके नसतील आणि कम्युटेटर एकसारखा तपकिरी व्हायला लागला असेल तर पट्टी लावून स्क्रू आवळा. ठिपके दिसले तर गाडी तशीच उभी करून बॅटरीच्या खुंटीपासून परत मीटर धरा.